तांदळावरचं नाव

७ सप्टेंबर २०२५

काल मिरवणूक दुपारी चारला आमच्या गल्लीत शिरली आणि सहापर्यंत जागची हलली नाही. ट्रॅक्टरवर भिंतीसारखे स्पीकर रचलेले. स्वयंपाकघराच्या खिडकीची एक काच गेली. मी खाली जाऊन सांगितलं. मंडळाचा एक जण म्हणाला, ‘सर, वर्षातनं एकदा तर असतंय.’ वर्षातून एकदा गणपती, एकदा दांडिया, एकदा दहीहंडी, दोन-तीन निवडणुका, आणि कारखाने सुरू झाले की पाच महिने उसाचे ट्रॅक्टर, प्रत्येकावर गाणी. सांगलीत वर्षातून एकदासुद्धा नसते ती शांतता.

आज मी ठरवलं. हा देश सोडायचा. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर एक गाव आहे. चार हजार माणसं. मेंढ्या किती ते कोणी मोजत नाही. एकच मोठा रस्ता, संध्याकाळी पाचला दुकानं बंद. मी नकाशावर बोट ठेवून दाखवलं. राजेश्वरी रात्रपाळी करून आली होती, कणीक मळत होती. म्हणाली, ‘बरं.’

मग म्हणाली, त्या गावात एक वृद्धाश्रम आहे, त्यांना परिचारिका हव्या आहेत, तिनं चौकशी केलेली आहे. इंग्रजीची परीक्षा ती जूनमध्येच पास झाली. मला वाटलं होतं, इथल्या हॉस्पिटलात बढती मिळावी म्हणून देते आहे. योगायोग चांगला जुळला. निर्णय मात्र माझा.

१४ सप्टेंबर

तासगावजवळ गावी जाऊन आण्णांना सांगितलं. माझे वडील फौजेत हवालदार होते. आता द्राक्षबाग बघतात. त्यांना कुठलीही गोष्ट गंभीरपणे सांगता येत नाही.

‘मेंढरं बघाय तिकडं चाललायस व्हय रं?’ ते म्हणाले. ‘मग कवठ्याला जा की. सासुरवाडी हाय, मेंढरं हायत, च्या बी मिळंल.’

मी समजावून सांगितलं. साधं, संथ आयुष्य. वाचन, लेखन. घरामागे भाजीपाला.

‘भाजीपाला! गड्या, हितं तू कवा एक वेल बांधला न्हाईस.’

‘म्हणूनच जायचंय. इथं काही करण्यासारखी परिस्थिती नाही.’

‘आन सूनबाई काय करणार तिकडं?’

‘नोकरी.’

‘आन तू?’

‘आत्ता सांगितलं की.’

आण्णा हसले. राजेश्वरी चहा घेऊन आली तेव्हा मात्र हसणं थांबवून तिला म्हणाले, ‘जपून ऱ्हावा बाई. लय लांब हाय.’ तिला म्हणाले. मला नाही. जणू मी जातच नव्हतो.

येताना गाडीत मी एक शब्द बोललो नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही.

६ ऑक्टोबर

कॉलेजात राजीनामा दिला. पंधरा वर्षं तासिका तत्त्वावर मराठी शिकवलं. दर वर्षी नवी ऑर्डर, दर वर्षी तीच मुलाखत, समोर तीच माणसं. दीड पान लिहिलं. भाषा, समाज आणि गोंगाट यांच्या संबंधावर एक परिच्छेद चांगला उतरला आहे.

कार्यालयातल्या ज्ञानूनं तो न वाचताच परत केला. ‘सर, तुमचा राजीनामा कशाला पायजे? तुमची ऑर्डर मार्चला आपोआप संपत्या.’

मी म्हणालो, आवक नोंदवहीत नोंद करून घे. पोच दे.

‘देतो की. पण सर, शिक्का साहेबांच्या टेबलात हाय आन साहेब रजेवर हायत.’

माणसाला सोडून जायचीही सोय नाही इथं.

२५ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुटीत राजेश्वरीला एक दिवस मोकळा मिळाला. मी म्हणालो, महाबळेश्वरला जाऊ, शांततेची सवय करू. वाईच्या पुढे पसरणी घाटात दोन तास एकाच वळणावर उभे होतो. पुढे गाड्या, मागे गाड्या, सगळे शांतता शोधायला निघालेले आणि सगळे हॉर्न वाजवत. मी उतरून चार जणांशी भांडलो. एक पुण्याचा होता, त्याच्याशी जास्त.

परत गाडीत बसलो तर शिवांजली म्हणाली, ‘पप्पा, सगळ्यात मोठा आवाज तुमचाच येत होता.’

अकरा वर्षांच्या मुलीनं असं बोलावं? मी राजेश्वरीकडे पाहिलं. ती डोकं काचेला टेकून झोपली होती. त्या गोंगाटात झोपते म्हणजे कमाल आहे. तिला शांततेची गरजच नाही.

३ नोव्हेंबर

तिकडच्या नोंदणी कार्यालयाचं पत्र आलं. नर्सिंगच्या प्रमाणपत्रावर नाव राणी तात्याबा पवार. पासपोर्टवर राजेश्वरी जयराज मोहिते. या दोन बायका एकच कशावरून?

कशावरून! मी ठेवलं म्हणून. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं लिहिलं होतं मी, शंभर माणसांसमोर. आमच्याकडे सगळ्यांचंच असं होतं, आईचं झालं, काकूंचं झालं. मी निदान विचार करून नाव निवडलं होतं. राणी हे काय नाव आहे? तासगावच्या बाजारात दर तिसऱ्या म्हशीचं असतं. पुढे त्या नावावर रेशन कार्ड झालं, आधार झालं, पासपोर्ट झाला. कोणी काही विचारलं नाही.

मी तिला विचारलं, प्रमाणपत्रावरचं नाव तेव्हाच का बदलून घेतलं नाहीस?

‘तुम्ही म्हणाला होता, नोकरी सोडायचीच आहे, कशाला हेलपाटे.’

‘मी असं कधी म्हणालो?’

‘लग्नानंतर दुसऱ्या आठवड्यात. जेवताना.’

तेरा वर्षांपूर्वीचं वाक्य ती तारीखवार सांगते. पण एक अर्ज करायचा तिला सुचला नाही.

११ नोव्हेंबर

अनुभवाचा दाखला हवा होता म्हणून मिरजेला तिच्या हॉस्पिटलात गेलो. इतक्या वर्षांत दाराच्या आत पहिल्यांदा. वॉचमनला म्हणालो, राजेश्वरी मोहिते. त्यानं डोकं खाजवलं. शेजारच्या मावशी म्हणाल्या, ‘आवं, राणी सिस्टर म्हणत असतील. तिसरा मजला.’

तिसऱ्या मजल्यावर सगळे तिला राणी म्हणतात. डॉक्टर म्हणतात, आया म्हणतात, पेशंट म्हणतात. अथणीकडची एक म्हातारी ‘राणी अक्का, इल्ली बा’ म्हणून ओरडून बोलावत होती आणि ती तिला कानडीत उत्तर देत होती. तिला कानडी येतं हे मला माहीत नव्हतं. म्हातारीनं काहीतरी चावट विचारलं असावं, कारण तिच्यासकट सगळा वॉर्ड हसला. ती एवढ्या मोठ्यानं हसते हेही मला माहीत नव्हतं. घरी हसत नाही. मला आवाजाचा त्रास होतो म्हणून असेल.

रिक्षात मी म्हणालो, ‘तेरा वर्षं तू यांना सांगितलं नाहीस की तुझं नाव बदललंय?’

‘पगारपत्रकावर राणीच होतं.’

‘मग मला का सांगितलं नाहीस?’

‘तुम्ही कधी आला नाहीत.’

फसवणूक हा शब्द मी वापरत नाही. पण दुसरा सापडत नाही.

२३ नोव्हेंबर

तिचा शाळा सोडल्याचा दाखला आणायला कवठे महांकाळला गेलो. सासूबाई, रंगुबाई, अंगणात शेळीला पाला टाकत बसल्या होत्या. चहा झाला. मी शक्य तितक्या सोप्या भाषेत अडचण सांगितली.

‘त्यात काय आडचण?’ त्या म्हणाल्या. ‘राणीच हाय की ती.’

‘ती राजेश्वरी आहे. लग्नात नाव ठेवलंय.’

‘आवं जावयबापू, तुमी तांदळावर ल्हिवलं. ते तांदूळ आमी दुसऱ्या दिशी शिजवून खाल्लं.’

राजेश्वरी घरात वळली. खांदे हलत होते. हसत होती.

‘दुष्काळात झाली ती,’ सासूबाई पुढे सांगायला लागल्या. मी विचारलं नव्हतं. ‘टँकरच्या रांगेत हुते मी, तिथंच कळा सुरू झाल्या. हिचा बाप म्हणला, आपल्यापाशी काय न्हाई, निदान नाव तरी मोटं ठिवू. म्हणून राणी.’

मी म्हणालो, ऐतिहासिक संदर्भ म्हणून ठीक आहे, पण कागदोपत्री याचा उपयोग नाही.

‘व्हय का? मग कागदाला सांगा, माझ्याकडं ये म्हणावं.’

५ डिसेंबर

कोर्टासमोर नोटरीकडे गेलो. प्रतिज्ञापत्र तयार होतं. ‘राजेश्वरी जयराज मोहिते व राणी तात्याबा पवार ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून ती माझी पत्नी असून तिचे मूळ नाव राणी असून...’ एका वाक्यात तीन ‘असून’. मी दोन काढायला लावले. नोटरी म्हणाले, ‘सर, कोर्टात कोण व्याकरण बघत नाही.’ बघत नाही, म्हणूनच ही दशा.

मग मी पुढचं वाचलं. ती पासपोर्टच बदलणार आहे. राणी तात्याबा पवार या नावानं नवा काढणार. शाळेचा दाखला, प्रमाणपत्र, अनुभव, सगळं त्या नावाचं आहे म्हणे, एकच कागद बदलला की काम होतं. म्हणजे न्यूझीलंडला माझ्याबरोबर जाणार ती दुसऱ्याच आडनावाची बाई. तिथं लोक काय समजतील?

मी सही केली नाही. म्हणालो, प्रमाणपत्रावर राजेश्वरी करून घे, मग करतो.

‘त्याला वर्ष जाईल. नोकरी थांबणार नाही.’

‘मग नको जाऊया.’

तिनं कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि वडापच्या शेअर जीपमध्ये बसून ड्यूटीला गेली. माझ्या सहीशिवाय काही होणार नाही हे तिला कळलं असेल. कधीतरी ठाम राहावं लागतं.

६ डिसेंबर

आज डब्याची भाजी खारट होती.

१९ डिसेंबर

टेबलावर राजपत्राची प्रत सापडली. लपवलेली नव्हती. वर्तमानपत्राखालीसुद्धा नव्हती. समोर होती.

जुने नाव: राजेश्वरी जयराज मोहिते. नवीन नाव: राणी तात्याबा पवार.

नवीन नाव!

मागे जोडलेलं प्रतिज्ञापत्र. माझ्या सहीच्या जागी रंगुबाईंचा अंगठा. ‘मी तिला जन्मापासून ओळखते.’ एवढं एकच वाक्य. त्यात एकही ‘असून’ नाही.

मी तिला तेरा वर्षं ओळखतो. मी ओरडलो. काय काय बोललो ते इथं लिहीत नाही, पण सगळं योग्य होतं. ती उभी राहून ऐकत होती. मग म्हणाली, ‘हळू बोला. शिवाची परीक्षा आहे.’

‘आणि माझं काय? मी कोणाचा नवरा म्हणून जाणार? लग्नाच्या दाखल्यावर राजेश्वरी आहे!’

‘तुम्ही सही केली असती तर तुमचाही अर्ज आमच्याबरोबर गेला असता,’ ती म्हणाली. ‘मी दोन दिवस थांबले होते. आता नवा पासपोर्ट आला की आमचे दोघींचे अर्ज जातील. तुम्ही तो कागद केलात की तुमचा जाईल.’

आमचे दोघींचे. हा शब्दप्रयोग या घरात कधी सुरू झाला?

२४ जानेवारी २०२६

शिवांजलीला नेण्यासाठी वडिलांचं संमतिपत्र लागतं. ते लागतं हे वाचून मला पहिल्यांदा त्या देशाविषयी आदर वाटला.

मी चार दिवस सही केली नाही. रोज संमतिपत्र जेवणाच्या टेबलावर असायचं, रोज ती ते बाजूला सरकवून ताट वाढायची. पाचव्या दिवशी मी म्हणालो, शिवांजली इथंच राहील, माझ्याकडे. शांत बसा, विचार करा, असं काही ती म्हणेल असं वाटलं होतं. तिनं वही घेतली आणि माझ्यासमोर बसून लिहायला सुरुवात केली: सकाळी सहाला उठवणे. वेणी. डबा, दोन पोळ्या, कांदा चालत नाही. रिक्षावाल्या काकांचा नंबर. शनिवारी गणिताची शिकवणी, सोडायला व आणायला. धुळीनं धाप लागते तेव्हाचं औषध, फ्रिजवर, निळं. पान उलटलं आणि लिहीत राहिली.

मी म्हणालो, बास.

शिवांजली दारात उभी होती. मी तिला विचारलं, तुला जायचंय का?

ती म्हणाली, ‘तुम्ही ओरडणार नसाल तर सांगते.’

मी ओरडलो नाही. तिनं सांगितलं. मी सही केली. मुलीच्या भल्यापुढे स्वतःचं काही बघू नये. बाप म्हणून हे मोठेपण होतं, पण तसं कोणी म्हटलं नाही.

८ फेब्रुवारी

दोघी गेल्या. गाडी दारात आली तेव्हा आण्णा गावाहून आले होते. आले ते सरळ तिच्याकडे गेले.

‘मग आता राणी म्हणायचं का राजेश्वरी म्हणायचं?’

‘तुम्ही सूनबाईच म्हणा, आण्णा.’

‘मग माझं काय आडत न्हाई.’

गाडी निघाल्यावर म्हाताऱ्यानं डोळ्यांना धोतराचा सोगा लावला. मी म्हणालो, रडायला काय झालं, महिन्या-दोन महिन्यांत मीही जातोय. आण्णांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि त्याचा मला इतका राग आला की मी आत निघून गेलो.

२० फेब्रुवारी

प्रतिज्ञापत्र केलं. त्याच नोटरीकडे. या वेळी मसुदा मीच लिहून नेला होता. ‘सदर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत.’ साधं वाक्य. सही करताना नोटरी म्हणाले, ‘तेव्हाच केलं असतं तर?’ लोकांना दुसऱ्याच्या संसारात फार रस असतो.

अर्ज गेला. सोबत लग्नाचे फोटो मागितले होते. ताटात अंगठीनं लिहितानाचा फोटो पाठवला. त्यात माझा चेहरा स्पष्ट आहे. तिचं डोकं पदराखाली खाली वाकलेलं आहे, ओळखू येत नाही. आमच्या दोघांचा दुसरा फोटो शोधला. शिवांजलीच्या वाढदिवसांचे आहेत, पण फोटो काढणारी प्रत्येक वेळी तीच आहे.

३ मार्च

ज्ञानूचा फोन. जूनमध्ये नवी ऑर्डर निघणार नाही. मी भांडलो. तो म्हणाला, ‘सर, पण तुमीच राजीनामा दिलाय की. शिक्का मारून आवकला हाय.’

तेवढा शिक्का बरा सापडला.

१७ मार्च

सकाळी साडेआठला तिकडच्या व्हिसा कार्यालयातून फोन आला. अधिकारी बाई इंग्रजीत विचारत होत्या, मधे मराठी दुभाषी होती, नागपूरकडची वाटली. मी इंग्रजीत बोलू शकतो, पण माझ्या भाषेत बोलण्याचा हक्क मी सोडत नाही.

लग्न कधी झालं. मुलीचा जन्म कुठे. पत्नी कामावर किती वाजता जात असे. मी म्हणालो, ते बदलत असे. सुटीच्या दिवशी तिला काय करायला आवडतं? मी म्हणालो, घरातली कामं. पत्नीला कोणकोणत्या भाषा येतात? मराठी, हिंदी, इंग्रजी. मग कानडी आठवलं. कानडीपण, मी म्हणालो. थोडा उशिरा म्हणालो.

मग दुभाषीनं विचारलं, ‘तुम्ही घरी पत्नीला काय म्हणून हाक मारता?’

शेवटी एक सोपा प्रश्न आला. मी म्हणालो, ‘राजेश्वरी.’

पलीकडे टंकलेखनाचा आवाज. मग बाईंनी हळू आवाजात काही विचारलं आणि दुभाषीनं मला तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी तेच उत्तर पुन्हा दिलं, जरा मोठ्यानं. मुलाखत तिथं संपली. पत्नीच्या उत्तरांशी काही उत्तरं जुळत नाहीत, फाइल पुन्हा तपासली जाईल, लेखी कळवू.

मी लगेच तिला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती.

‘तुलाही विचारलं होतं?’

‘हो. गेल्या मंगळवारी.’

‘मी काय हाक मारतो हे विचारलं?’

‘विचारलं.’

‘काय सांगितलंस?’

‘नावानं मारत नाहीत म्हणून सांगितलं.’

मी ओरडलो. एक शब्द सांगायचा होता तिला. एक. नाव मी ठेवलं, शंभर माणसांसमोर ठेवलं, त्या नावासाठी दोन महिने भांडलो, त्या नावासाठी इथं एकटा बसलो आहे, आणि हिनं परक्या बाईला सांगितलं की ते नाव मी कधी घेतलंच नाही!

‘ठेवलंत,’ ती म्हणाली. ‘कधी हाक मारलीत का?’

तिनं आवाज चढवला नव्हता. खरंच विचारत होती.

‘मला त्या बाईंना तुम्ही हाक मारता तो शब्द समजावून सांगावा लागला,’ ती म्हणाली. ‘त्या म्हणाल्या, याचा अर्थ काय? मी म्हटलं, अर्थ काही नाही. कोणालाही म्हणतात.’

तिच्या मागून कोणीतरी तिला हाक मारली. पुरुषाचा म्हातारा आवाज होता. त्याला ‘ण’ म्हणता येत नव्हता, पण तो नाव घेत होता. आले, असं ती इंग्रजीत म्हणाली. मग पुन्हा माझ्याकडे वळली असावी, कारण तिचा श्वास ऐकू यायला लागला.

मला बरंच बोलायचं होतं. कायद्याबद्दल, फाइलबद्दल, तिनं उत्तर बदलून कळवायला पाहिजे याबद्दल.

‘अगं, पण—’ मी म्हणालो, आणि थांबलो.

तिनं फोन ठेवला नाही. ती ऐकत होती.